न मोजलेला ढीग

१

पनवेल तालुक्यातून एकाच आठवड्यात दोन गोष्टी नाहीशा झाल्या. एक खडीचा ढीग आणि एक ओव्हरसियर. जिल्हा लोकल बोर्डात बोंब झाली ती ढिगाची.

बेलपाड्याच्या बाजूला, डोंगराच्या पायथ्याशी बोर्डाचा नवा रस्ता चालला होता. तिथं ओढ्यावर बांधलेल्या मोरीजवळ काशीराम कंत्राटदारानं खडीचा ढीग रचून ठेवला होता. रविवारी सकाळी येऊन बघतो तर जागा साफ. त्याच सुमारास त्या कामावरचे ओव्हरसियर शालोम आपटेकर दिसेनासे झाले. एकोणीसशे बासष्टचा मार्च होता. पनवेलच्या इस्रायल आळीतल्या ज्यू घरांना एकेक करून कुलपं लागत होती आणि माणसं मुंबईहून बोटीनं कायमची निघून जात होती. त्यामुळे बोर्डाला फार विचार करावा लागला नाही. आपटेकरानं ढीग विकला आणि इस्रायलला पळाला, असं बांधकाम समितीत एकमतानं ठरलं. उचलली जीभ, लावली टाळ्याला. बोर्डाचं एकमत होतं ते अशाच गोष्टींवर.

चौकशीला अलिबागहून उपअभियंता दिनानाथ टिपणीस यांना धाडण्यात आलं. दिनानाथ म्हणजे नाकासमोर चालणारा माणूस. अशा माणसाला बोर्डात बढती मिळत नाही, चौकशा मिळतात. पन्नाशी उलटली होती, पित्तानं पोट जळत असे आणि साहेबांच्या आवाजानं डोकं. निघताना साहेबांनी सांगितलं होतं, "टिपणीस, आठवड्यात रस्त्यावर मुरूम पडतोय. मग मंत्री येतायत. मे महिन्यात हे बोर्ड जाऊन जिल्हा परिषद येणार. तेव्हा अहवाल लवकर हवा आणि लहान हवा. 'ओव्हरसियर फरार.' दोन शब्दांत काम होतंय."

पनवेलला बोर्डाच्या बंगल्यावर सामान टाकून दिनानाथ सोडा पीत बसले, तोच पायरीवर एक बाई येऊन उभी राहिली. बरोबर एक धिप्पाड पुरुष होता. बाईनं नमस्कार केला नाही की रडणं काढलं नाही.

"मी मझल. शालोम आपटेकरांची बायको. ढिगाचं मला काही ठाऊक नाही, साहेब. माझा माणूस जिवंत आहे की मेला, तेवढं शोधून सांगा."

२

दिनानाथ चौकशीला आले होते खडीच्या. माणसाबद्दल त्यांना कुणी काही विचारायला सांगितलंच नव्हतं. त्यांना स्वतःचीच लाज वाटली आणि त्यांनी बाईला खुर्ची दिली.

"आमचा शनिवार शुक्रवारी दिवे लागले की सुरू होतो. शुक्रवारी दिवे लागायच्या आत ते घरी येत," मझल म्हणाली. "कधी चुकलं नाही. त्या शुक्रवारी मी दिवा लावला, मनुकांचं सरबत झाकून ठेवलं आणि बसले. तो दिवा विझला तरी आले नाहीत. आता आळीतल्या बायका विचारतात, इस्रायलहून पत्र आलं का ग? हसत विचारतात."

"त्यांना जायचं होतं का तिकडे?"

"त्याला नव्हतं, मला होतं." हा बरोबरचा पुरुष बोलला. तो शालोमचा धाकटा भाऊ हायम, शाळामास्तर. "माझी बोट पुढल्या महिन्यात आहे. यावरूनच आमचं वाजलं. चार-सहा महिने आम्ही एकमेकांशी बोलत नव्हतो. मी म्हणे, इथं काय ठेवलंय? तो म्हणे, तिथं माझी वाट कोण बघतंय? इथं मी रस्ते केलेत."

दिनानाथांनी मान वर केली. "भांडण होतं म्हणता. त्या शुक्रवारी संध्याकाळी तुम्ही कुठे होतात?"

"मशिदीत. सिनेगॉगला आम्ही मशीदच म्हणतो. सगळी आळी होती तिथं. विचारा कुणालाही." हायमचा आवाज चढला. "संशय घ्यायला तरी कुणीतरी आलं म्हणायचं."

मझलनं हातानंच त्याला गप्प केलं. "दीर म्हणतात, पोरांना घेऊन माझ्याबरोबर चल. मी जायचं आणि मागून ते परत आले तर? आणि मेलेच असतील, तर त्यांच्यासाठी सुतकाचे सात दिवस जमिनीवर बसणंही माझ्या नशिबी आलं नाही. ही गळ्यातली पोत ठेवू की काढू, साहेब? एवढंच मला कळायला हवं. बाकी बोर्डाला काय लिहायचं ते लिहू दे."

जाता जाता हायम पायरीवर थांबला.

"एक गोष्ट मात्र माझ्या डोक्यात बसत नाही. तो शुक्रवारी घरी आला नाही. पण सभापती जनार्दनराव सांगतात, शनिवारी दुपारी त्यांनी शालोमला कामावर पाहिलं. स्वतःच्या डोळ्यांनी."

३

जनार्दनराव बांधकाम समितीचे सभापती. जमीनदार, आणि डोंगराच्या पायथ्याशी त्यांची भातगिरणी. गिरणीच्या ओसरीवर त्यांनी दिनानाथांना पन्हं पाजलं, पाठीशी तक्क्या दिला, अलिबागच्या हवेची चौकशी केली.

"आपटेकर माणूस हुशार हो," ते म्हणाले. "पण हुशारी शेवटी कुठं नेते बघा. शनिवारी दुपारी मी मोरीवर गेलो तर वाफेचा रोलर पेटवून स्वतः उभा. मोरीच्या भिंतीमागचा खड्डा भरून घेतला, वर दाबून घेतला. मला म्हणाला, कातकऱ्यांच्या वाडीकडची जमीन भुसभुशीत आहे, रस्ता गिरणीच्या अंगानं वळवतो. मी म्हटलं, तुम्ही जाणकार, तुम्ही ठरवा. मग म्हणाला, उद्या मुंबईला जाऊन येतो. गेला तो गेलाच."

"शनिवारी?" दिनानाथांनी विचारलं. "ते शनिवार पाळायचे ना?"

जनार्दनराव मोकळेपणी हसले. "पाळतायत कसले! दर शनिवारी कचेरीत खुर्चीवर हजर. मी डोळ्यांनी बघतो की! नोकरीपुढे धर्म कुणाचा टिकलाय, टिपणीस?"

हे खोटं नव्हतं. दिनानाथांनीही तपासणीला येताना शालोमना शनिवारी कचेरीत बसलेलं पाहिलं होतं. म्हणजे माणूस शनिवारपर्यंत धडधाकट होता आणि आपल्या पायांनी गेला. बायकोला फसवून गेला, एवढंच. नवऱ्यांच्या बाबतीत हे काही आक्रीत नव्हे. पन्हं संपेपर्यंत दिनानाथांचा अहवाल मनातल्या मनात लिहून झाला होता. त्यात दोनच शब्द होते.

जनार्दनरावांनी बैलगाडी देऊ केली. "कशाला उन्हात चालता?"

पण तक्क्याला टेकून दिनानाथांची पाठ अवघडली होती. ते नको म्हणाले आणि नव्या रस्त्यानं पायी निघाले. मोरीपाशी येईतो त्यांची चाल मंदावली. मग ते थांबले, पायाखाली बघू लागले, आणि भर उन्हात उकिडवे बसले.

४

रस्त्यांची एक रीत असते. खडीचे पैसे मापावर मिळतात; ढीग मोजून झाला की ओव्हरसियर त्याच्यावर चुन्याच्या पाण्याचा पट्टा मारतो. नाहीतर कंत्राटदार तोच ढीग दुसऱ्या दिवशी दुसऱ्या ठिकाणी दाखवायला कमी करत नाही. पुढे ती खडी पसरली की चुना लागलेले दगड सगळ्या रस्त्यावर विखुरतात. वर मुरूम पडेपर्यंत ते पांढरे ठिपके डोळ्यांना दिसत राहतात. मुरूम अजून पडायचा होता. अख्ख्या रस्त्यावर पांढरे ठिपके होते. फक्त मोरीच्या भिंतीमागच्या तुकड्यात एकही पांढरा दगड नव्हता.

दिनानाथांनी काशीरामला बोलावून घेतलं. काशीराम गव्हाणचा, आवाजानं दांडगा. आल्याबरोबर त्यानं पुन्हा आपल्या चोरीची कहाणी लावली.

"काशीराम, तुमचा ढीग चोरीला गेला नाही," दिनानाथ म्हणाले. "तुम्ही त्याच्यावर उभे आहात."

काशीरामनं खाली पाहिलं. तो वाकला, दगड चाचपले, आणि त्याचं तोंड उघडंच राहिलं. "माजीच खडी! आन् चुन्याचा ठिपका नाय! सायेब, मोजल्याबिगर खडी पसरायला मी काय येडा झालो? ती मंग बोर्डाला धरम केल्यासारकी झाली!"

"तेच म्हणतो मी. या जिल्ह्यात कंत्राटदारानं धर्म केल्याचं माझ्या तरी ऐकिवात नाही. म्हणजे तुम्ही पसरली नाहीत."

"देवाशपथ नाय!"

"आणि ओव्हरसियर? न मोजलेली खडी पसरवू द्यायचे?"

काशीराम कडवट हसला. "त्यो? माज्या ढिगात खालती माती घातली व्हती, तं पुरा ढीग उलटायला लावला मला. समद्यांदेखत. लई शिव्या दिल्या मी त्याला मनात. पन सायेब, आपटेकरानं ढीग इकला हे मी कंदी बोललो नाय. बोर्डच बोललं. मी नुसता ऐकून घेतला."

ऐकून घेतला, कारण ऐकून घेणं सोयीचं होतं. दिनानाथ हे बोलले नाहीत. त्यांच्या डोक्यात दुसरंच चाललं होतं. कंत्राटदाराला ती खडी पसरणं तोट्याचं, ओव्हरसियरला नियमाबाहेरचं. तरी कुणीतरी ती घाईघाईनं पसरली आणि वर रोलर फिरवला. ज्याला खडीची किंमत नव्हती आणि खालचा खड्डा बुजवण्याची मात्र निकड होती, असा कुणीतरी.

५

मोरीवरून डोंगराच्या बाजूला कातकऱ्यांची वाडी दिसते. रस्ता जायचा होता तो या वाडीवर. पावसाळ्यात आजारी माणसाला झोळीत घालून ओढा ओलांडावा लागतो, म्हणून बोर्डानं फार वर्षांनी तो मंजूर केला होता. बुधी आणि तिचा नवरा देवजी खडी फोडायचं काम करत. दिनानाथ दगडावरच बसले आणि त्यांनी शनिवारचं विचारलं.

"शनवारी आमाला सुटी," बुधी म्हणाली. "आपटेकरसायेब शनवारी इस्तव पेटवू देत नसत ना. सवता नाय पेटवायचे, दुसऱ्याला पन सांगायचे नाय. मंग रोलर थंड. आमी ऐतवारी काम करायचो."

"पण शनिवारी ते कचेरीत जायचे."

"जायाचे. बसायचे. हातात टाक पन धरायचे नाय, असं शिपाई सांगे." बुधी थांबली. "त्या शनवारी मोरीवर धूर दिसला. मी याला बोलली, आज सायेब बाटला का काय?"

बोर्डातल्या सगळ्यांनी शनिवारी भरलेली खुर्ची पाहिली होती. खुर्चीतला माणूस काय करतो आणि काय करत नाही, हे बघायला कुणाला सवड नव्हती. त्यांनाही नव्हती.

"देवजी, साहेबांना तू शेवटचं कधी पाहिलंस?"

"शुकरवारी सांजेला. रस्त्याच्या आखणीच्या खुट्या वाडीकडं मारल्या व्हत्या, मीच मारल्या. म्होटे शेठ आले, जनार्दनराव. बोलले, उपट आन् गिरनीकडं मार. सायेब बोलले, नाय उपटायच्या. लई बोलाचाली झाली. आमी वाडीकडं निंगालो तवा दोगंच मोरीवर व्हते. शनवारी बगतो तं गिरनीची मानसं पाट्या टाकीत व्हती."

"हे कुणाला सांगितलं नाहीत?"

"कोनी इचारलं नाय," देवजी म्हणाला.

रोलरचा ड्रायव्हर रामू गावातच सापडला. तो खाली मान घालून बोलला. शनिवारी सकाळी सभापतींनी रोलर पेटवायला सांगितलं होतं. ओव्हरसियरचा निरोप आहे म्हणाले. शनिवारी कसा, असं रामूनं विचारलं, तर नोकरी हवी आहे का, असं त्यांनी विचारलं.

"आणि आपटेकर तिथे होते?"

"नव्हते, साहेब."

मग दिनानाथ सरळ गिरणीवर गेले. या वेळी ते बसले नाहीत.

"जनार्दनराव, शालोम आपटेकर शुक्रवारी संध्याकाळी घरी पोचले नाहीत, कारण ते मोरीवरून हललेच नाहीत. खुंट्यांवरून तुमचं भांडण झालं. तुम्ही ढकललंत की मारलंत ते मला माहीत नाही. भिंतीमागचा खड्डा उघडा होता. शनिवारी मजूर नसतात, म्हणून तेवढा एक दिवस तुम्हाला मिळाला. वरून थोडी माती ओढून तुम्ही गिरणीची माणसं बोलावलीत आणि हाताशी होता तो ढीग आत लोटलात. तो मोजलेला आहे की नाही, हे तुम्हाला कळण्यासारखं नव्हतं. समितीत बसून रस्ते कळत नसतात. आणि शनिवारी आपटेकरांनी रोलर पेटवला, हे तुम्ही मला तुमच्याच तोंडानं सांगितलंत. त्यांनी उभ्या जन्मात शनिवारी विस्तव पेटवला नाही की पेटवायला सांगितलं नाही. ते त्या खड्ड्यात आहेत."

जनार्दनरावांनी पानाला चुना लावला, सुपारी घातली, विडा तोंडात टाकला.

"असतील," ते म्हणाले. "मग खणा. पण बोर्डाचा रस्ता खणायचा तर परवानगी लागते, टिपणीस. ती देते बांधकाम समिती. तिचे सभापती कोण, हे तुम्हाला ठाऊकच आहे."

६

दिनानाथ फौजदाराकडे गेले. फौजदार म्हणाला, प्रेत दाखवा. प्रेत रस्त्याखाली आहे म्हटल्यावर म्हणाला, रस्ता बोर्डाचा, बोर्डाची परवानगी आणा. दिनानाथ अलिबागला गेले. साहेब म्हणाले, पोलिसांचा हुकूम आणा. बोर्डाचे अध्यक्ष म्हणाले, मंत्री यायच्या तोंडावर रस्ता उकरायचा म्हणजे तुमचं डोकं ठिकाणावर आहे ना? कुंपणच शेत खातं तेव्हा शेतानं कुणाकडे जावं, याचं उत्तर बोर्डाच्या नियमांत नव्हतं. दिनानाथ पनवेलला परतले तेव्हा मोरीकडे मुरमाच्या गाड्या निघाल्या होत्या.

ते इस्रायल आळीत गेले आणि त्यांनी मझलला सगळं सांगितलं. काही लपवलं नाही, काही गोड केलं नाही.

ती म्हणाली, "तुमची खात्री आहे?"

"आहे."

"पण पाहिलं नाही कुणी."

"नाही."

"मग मी पोत कशी काढू?" एवढं बोलून तिनं पायांत चपला घातल्या.

दिनानाथ तिला आणि हायमला घेऊन भर दुपारी मोरीवर आले. हायमच्या खांद्यावर पहार होती. वाडीवरून देवजी आणि बुधी आपण होऊन आले. हायमचे हात मास्तरकीचे, पहार उसळून परत येई. देवजीनं ती त्याच्या हातून घेतली. मुरमाच्या गाड्या थांबल्या, गिरणीची माणसं लांब उभी राहिली. कुणी अडवलं नाही आणि कुणी हातही लावला नाही. दिनानाथ परवानगी नाही म्हणून सांगायला एकदा पुढे झाले, पण तसेच मागे सरले. त्याबद्दल त्यांना पुढे कधी पश्चात्ताप झाला नाही. झाला तो दुसऱ्याच गोष्टीचा.

संध्याकाळच्या आत शालोम आपटेकर वर आले. मझलनं अंगावरचा कोट ओळखला. तिनं पोत तोडली, रीतीप्रमाणे पदर काठाशी फाडला, आणि मग मात्र ती रडली, इतके दिवस अडवलेलं सगळं एकदम. सात दिवस ती जमिनीवर बसली आणि पुढल्या महिन्यात पोरांना घेऊन बोटीवर चढली. शालोमना त्यांच्या माणसांनी आपल्या दफनभूमीत ठेवलं.

वरून रोलर गेल्यावर डोक्याची जखम कसली आणि केव्हाची, हे डॉक्टरांना सांगता येईना. रामूला शनिवार आठवेना. गिरणीची माणसं म्हणाली, आम्ही खड्डा भरला, आत कुणी दिसलं नाही. दिनानाथांचा लांबलचक अहवाल कुणी मागितलाच नव्हता. ओव्हरसियर पाय घसरून खड्ड्यात पडले असावेत, असा निष्कर्ष निघाला आणि जनार्दनरावांवर खटला उभाच राहिला नाही. बोर्ड गेलं, जिल्हा परिषद आली. परिषदेत जनार्दनराव निवडून आले. खुर्ची तीच, पाटी तेवढी नवी.

खटला उभा राहिला तो एकच, सार्वजनिक रस्ता बेकायदा उखडल्याचा. मझल आणि हायम समुद्रापार गेले होते. पहार देवजीच्या हातात होती, म्हणून आरोपीच्या पिंजऱ्यात तो एकटा उभा होता आणि साक्षीला परिषदेनं आपला अभियंता धाडला होता. शपथ घेतली ती दिनानाथ टिपणीसांनी.

"रस्ता खणला गेला, हे खरं आहे?" वकिलानं विचारलं.

"खरं आहे. पण त्याखाली..."

"विचारलं तेवढंच सांगा," न्यायाधीश म्हणाले.

"परवानगी होती?"

"नव्हती."

"खणताना तुम्ही आरोपीला पाहिलंत?"

दिनानाथांनी देवजीकडे पाहिलं. आयुष्यभर ते खरं बोलत आले होते. त्यापायी बढती गेली, मित्र गेले, पोट बिघडलं, आणि त्याचा त्यांना अभिमान होता. या घडीला मात्र एक खोटा शब्द बोलता यावा, असं त्यांना जिवापाड वाटलं. पण जिभेला ती सवयच नव्हती.

"पाहिलं," ते म्हणाले.

देवजीला सहा महिन्यांची सजा झाली. शिपाई त्याला घेऊन निघाले तेव्हा दिनानाथ व्हरांड्यात खांबाला धरून उभे होते. देवजी त्यांच्यापाशी थांबला. त्याच्या चेहऱ्यावर राग शोधून सापडला नसता.

"सायेब, तुमी कशाला तोंड फिरवता? तुमी खोटं थोडंच बोललात," तो म्हणाला आणि शिपायांबरोबर पायऱ्या उतरून गेला.